खिडकीत राहिलेली प्लेट

हळदीचा वास ज्योत्स्नाला येईनासा होऊन बरीच वर्षं झाली होती. क्लोरोफॉर्मचाही येत नसे. एकोणीस वर्षं सेलूबाहेरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत तेच काम, सिंदीहून तीच सकाळची बस. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "पोरगी बसून काम करन." बसून काम खरंच होतं, मान मात्र त्या बसण्यानंच धरली होती.

काम बाहेरून पाहणाऱ्याला फार साधं वाटायचं. काचेच्या प्लेटवर पांढरा, पातळ थर असतो. खाली शिसपेनची रेघ मारून तिच्यावर नमुन्यांचे आणि शुद्ध कुरकुमिनचे मिळून बारा ठिपके द्यायचे आणि प्लेट झाकणाच्या काचपात्रात उभी करायची. तळाचं द्रावण टिपकागदावर पाणी चढावं तसं वर सरकतं आणि जाताना हळदीतला रंग तीन पट्ट्यांत वेगळा करतं. मग डेन्सिटोमीटर नावाचं यंत्र त्या पट्ट्यांवरून प्रकाश फिरवतं आणि शेजारच्या शुद्ध कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या, पट्ट्यांशी ताडून त्याचे टक्के सांगतं. टक्के भरले तर हळद पास, नाही तर नापास.

मार्चमधल्या त्या सोमवारी समुद्रपूरकडच्या एका बचत गटाची हळद प्लेटवर होती. घेणाऱ्या कंपनीची अट पाच टक्क्यांची. प्लेट काचपात्रातून काढली, तेवढ्यात वीज गेली आणि लगेच फोन वाजला. लेकीच्या, मेघाच्या परीक्षा केंद्रावरून. दहावीचा विज्ञानाचा पेपर सुरू व्हायच्या आधीच पोरीला उलट्या झाल्या होत्या. ज्योत्स्नानं हातातली प्लेट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, झाकायला म्हणून वर नोंदवही टाकली आणि ती बाहेर पळाली. आधी केंद्रावरच्या बाईंशी बोलली, मग मेघाशी, मग नवऱ्याला फोन, मग पुन्हा बाईंना. पोरगी पेपरला बसली हे कळेपर्यंत पाऊण तास गेला होता. वीज आली होती. तिनं प्लेट यंत्रात घातली. संगणकानं सरासरी काढून दिली, चार पूर्णांक तीन. नापास. तिनं सही केली आणि साडेपाचची बस पकडली.

गुरुवारी फाटकाशी एक बाई येऊन बसली. कोकिळाबाई, त्या गटाची अध्यक्ष. भांडायला आलेली नव्हती, हे पाहून ज्योत्स्ना जास्तच अवघडली.

"मॅडम, आमच्या हळदीत काय मिसळलं म्हणता तुम्ही?"

"मिसळलं असं नाही लिहिलं. टक्के कमी आहेत."

"गावात तसंच म्हणून राह्यले. माही जाऊच म्हणते, कोकिळेनं पीठ घातलं म्हणून. पंधरा बाया रडून राह्यल्या." तिनं दोन्ही तळवे पुढे केले. "मी सोता शिजवली, सोता वाळवली. पीठ घालाले माह्या घरी पोळीले पुरत नाई!"

सही झालेला कागद उघडायची ज्योत्स्नाला सवय नव्हती. तरी ती आत गेली आणि फाईल काढली. गटाचा नमुना प्लेटवर दोनदा दिलेला होता, सहाव्या जागी आणि बाराव्या. सहाव्याचे टक्के पाच पूर्णांक सात. बाराव्याचे दोन पूर्णांक नऊ. एकाच पिशवीतली हळद, एकाच नळीतून दिलेली. हे दोन आकडे बघून कुठल्याही शिकाऊ पोरीनं हात थांबवला असता. तिनं फक्त सरासरी पाहिली होती.

खणातून प्लेट काढून तिनं उजेडाकडे धरली. डावीकडचे पट्टे गडद पिवळे होते, उजवीकडचे फिके. मधे सरळ उभी सीमा होती, नोंदवहीच्या कडेसारखी. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे तिनं नव्या मुलांना किती वेळा सांगितलं होतं!

"त्या दिवशी तुम्ही फोनवर व्हत्या न?" मागून प्रेमदास म्हणाला. काचसामान धुणारा, तिच्याहून जुना माणूस. "वही अर्ध्यावरच व्हती. मले वाटलं, तुमचीच काई रीत असन."

"प्लेट उचलायची होती, प्रेमदासभाऊ."

"तुमच्या प्लेटले हात लावला तं तुम्हीच खाऊन टाकता."

ते खरं होतं. तिनं उरलेला नमुना काढला, खिडकीला काळा कागद लावला आणि नवी प्लेट केली. दुपारी दोन्ही जागी आकडे जवळजवळ सारखे आले, पाच पूर्णांक सात आणि पाच पूर्णांक आठ. आनंद व्हायला हवा होता. पाय तेवढे दुखले. तिनं अहवाल लिहिला, "पहिल्या तपासणीत प्लेट उन्हात राहिल्याने नमुन्याचा रंग उडाला. चूक माझी."

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, भूपेंद्र सरांनी, तो दोनदा वाचला. "मॅडम, नुसतं लिहा न, फेरतपासणीत योग्य आढळला. चूक कायले लिहता?"

"तसं लिहिलं तर लोक म्हणतील, दुसऱ्यांदा चांगली हळद आणून दिली."

"म्हणू द्या. आपल्या लॅबचं नाव आहे."

तिला पुष्कळ बोलता आलं असतं. अंगात तेवढं बळ नव्हतं. "सर, मी लिहिलंय. तुम्ही फक्त सही करा."

"एकतीस तारखेले तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपते. ध्यानात आहे न?"

"आहे."

मेघाची अकरावी, सायन्स घ्यायचं म्हणून तिचा हट्ट, नागपूरचा क्लास, सगळं त्या एका शब्दाआड उभं होतं. सरांनी बराच वेळ पेन फिरवलं, मग सही केली. "तुम्हाले काय सांगाव," एवढंच म्हणाले.

कोकिळाबाई अजून फाटकाशीच होती. ज्योत्स्नानं तिला कागद वाचून दाखवला, चूक कुणाची तेही सांगितलं.

"तीन रात्री झोपलो नाई आम्ही," बाई म्हणाली. मग, "तो धुणारा दादा सांगे, पोरीची तब्येत बिघडलती. आता कशी हाय?"

"बरी आहे."

"मंग असं करा, या कागदाची अजून एक नक्कल द्या. एक कंपनीले देतो. एक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतो. तोंडानं सांगून कोण आयकते?"

फळ्यावर खाली तिचं पूर्ण नाव असणार होतं, वर चूक. येणारे-जाणारे वाचणार होते. साडेपाचची बस चुकत होती. ज्योत्स्ना आत गेली, झेरॉक्स मशीन तापेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. नक्कल फिकट आली, 'चूक माझी' ही ओळ नीट उमटली नव्हती. तिनं कागद फाडला आणि शाई वाढवून पुन्हा काढली.