प्यायचं पाणी आणि गालिच्याचा पंप

गालिचा धुण्याच्या मशीनचा पंप काम करताना मरत नाही. तो मरतो काम संपल्यावर, कोपऱ्यात उभा असताना. हे माझ्याइतक्या खात्रीने सांगणारा माणूस त्या काळात अंधेरीपासून मुलुंडपर्यंत दुसरा नव्हता, आणि यात बढाई नाही. पहिलं वर्ष सोडलं तर माझ्या हातात एकही पंप गेला नाही. पहिल्या वर्षी मात्र दोन गेले, आणि त्यांच्यापायी मी एका भल्या माणसाची नोकरी घालवायला निघालो होतो.

ऐंशीच्या दशकात उपनगरांतल्या ऑफिसांना गालिच्याचं वेड लागलं. आधी साहेबाच्या केबिनमध्ये, मग बाहेर कारकुनांपर्यंत, आणि मग त्यावर चहा सांडणं आलंच. अंधेरीच्या आमच्या शेठनी परदेशातून एक मशीन आणवलं. चाकांवरची पेटीच म्हणा. एका टाकीत साबणाचं पाणी. ते एक छोटा पंप बारीक नळीतून गालिच्यावर फवारायचा, आणि मागोमाग दुसरी मोटर मळकं पाणी ओढून दुसऱ्या टाकीत टाकायची. पंप जेमतेम नारळाएवढा, पण मशीनचा सगळा जीव त्यातच. इथल्या बाजारात तो मिळत नसे, बाहेरून यायला सहा-सहा महिने लागत. शेठनी मशीनबरोबर दोन जादा पंप मागवून ठेवले होते.

मी विक्रोळीच्या चाळीतला, आयटीआयचा फिटर, वय तेवीस, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. माझा जोडीदार अंधेरीच्याच गावठाणातला ख्रिस्ती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलायला कमी, हसायला जास्त. पाणी भरायचं, नळ्या गुंडाळायच्या आणि शेवटी मशीन धुवायचं ही कामं त्याची. गालिचा धुणं आणि मशीनची दुरुस्ती माझी. तो मला ‘मास्टर’ म्हणायचा. त्यातली टिंगल मला बरेच महिने कळली नाही.

पहिला पंप चार महिन्यांत गेला. घाटकोपरला एका वकिलाच्या ऑफिसात तो घरघरला आणि पाणी यायचं थांबलं. उघडून पाहिलं तर आतल्या झडपांवर पांढरा थर. साबण साचला, असा मी निकाल दिला आणि कायदे केले. साबणाची पावडर आधी गरम पाण्यात विरघळवायची, मग मलमलच्या फडक्यातून गाळायची. टाकी रिकामी असताना पंप मिनिटभरही चालवायचा नाही. जाळीत अडकलेले धागे रोज काढायचे. आणि काम संपलं की दोन बादल्या साधं पाणी पंपातून सोडायचं. हे कायदे आजही बरोबर आहेत, कुणीही तपासून पाहावेत. जोडीदार म्हणाला, “झकास, मास्टर.” आणि दोनाच्या जागी तीन बादल्या सोडायला लागला.

दुसरा पंप त्याहून लवकर गेला. तोही मुलुंडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, भर दुपारी, वीस-पंचवीस कारकून बघत असताना. राग माझ्या नाकावरच असायचा. मी तिथेच जोडीदारावर ओरडलो.

“धुतलं नाहीस ना? कामचोर! दहा वेळा शिकवलं तरी डोक्यात शिरत नाही. तुला हे जमायचं नाही, घरी जा आणि मासे सुकव!”

“मी धुतो रे,” तो एवढंच म्हणाला. “रोज धुतो.”

संध्याकाळी शेठसमोरही मी तेच सांगितलं. शेठ म्हणाले, “आता एकच पंप उरलाय. हा गेला तर वाट लागली आपली. एक तारखेपासून तो घरी.” एक तारखेला वीस दिवस होते. जोडीदाराच्या घरी म्हातारी आई, बायको, दोन मुली, आणि कमावणारा तो एकटा. तरी त्याने वाद घातला नाही. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

धुणं कसं असतं ते दाखवावं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मशीन मी स्वतः धुवायला लागलो. तीन नाही, चार बादल्या. पंधरा दिवसांनी, शेठना पंपाचं चकचकीत पोट दाखवायचं या तोऱ्यात, मी तो शेठच्या गाळ्यात एकटाच उघडला. झडपांवर पांढरा थर धरायला लागला होता. माझ्या हातच्या धुण्यावर!

साबण असता तर बोटाला बुळबुळीत लागला असता. हा खरखरीत होता, खडूसारखा. चहाच्या टपरीवरून अर्धं लिंबू आणून पिळलं तर थर फसफसला. आमच्या चाळीत बोरिंगच्या पाण्याच्या बादल्यांना आतून हाच थर चढायचा आणि आई तो लिंबाच्या सालीने घासून काढायची.

म्हणजे खोट पाण्यात होती, आणि बोरिंगचं पाणी मशीनमध्ये आणलं होतं मी. त्या ऑफिसांत दोन नळ असायचे. एक म्युनिसिपालिटीचा, प्यायचा. दुसरा बोरिंगचा, संडासाचा आणि लादीचा. पहिल्याच दिवशी जोडीदाराने प्यायच्या नळाखाली बादली लावली होती आणि मी ती ओढून घेतली होती. “प्यायचं पाणी लादीला? लाज वाटते का?” आई पहाटे उठून रांगेत प्यायचं पाणी भरायची, त्यातला तांब्याभर कुणी पायावर घेतला तर पाठीत धपाटा बसायचा. ते पाणी साहेबाच्या बुटाखाली ओतणं मला पापच वाटलं. तेव्हा तो म्हणाला होता, “आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही रे, मास्टर. पाण्या-पाण्यात फरक असतो.” डाळीचा आणि पंपाचा काय संबंध, म्हणून मी हसलो होतो. संबंध असा होता, की पंपात उरलेलं ते पाणी सुकायचं आणि मागे थर ठेवून जायचं. जोडीदार जितकं मन लावून धुवायचा तितका पंप लवकर मरत होता.

खरं सांगतो, मनात आलेला पहिला विचार चांगला नव्हता. उद्यापासून गुपचूप नळ बदलायचा. पंप टिकेल, जोडीदार जाईल आणि लोक म्हणतील, बघा, तो गेला आणि मशीन सुधारलं. कुणालाही काही कळणार नव्हतं. दोन दिवस हा विचार पोटात ठेवून मी त्याच्याबरोबर काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नेहमीसारखा डबा उघडला आणि बोंबलाचा मोठा तुकडा माझ्या झाकणात ठेवला. मला तो गिळवेना. स्वतःची इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती. उठलो आणि म्हणालो, “चल, शेठकडे.”

शेठसमोर लिंबू पिळून दाखवलं आणि सगळं सांगितलं. शेठनी थरावर स्वतः बोट घासून पाहिलं. मग त्यांनी जोडीदाराला विचारलं, “पाणी कोण भरायचं?”

“मी,” तो म्हणाला.

“मग चूक दोघांची. घरी कुणी जायचं नाही. मेलेल्या पंपांचं काय होतं ते बघा.”

त्या दोन पंपांना मी लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवलं आणि त्यांतला एक जिवंत झाला. तेव्हापासून मशीनमध्ये प्यायच्या नळाचं गोडं पाणी, धुण्याची शेवटची बादलीही गोड्या पाण्याची, आणि पंधरवड्यातून एकदा लिंबूसत्व. पण ते पुढचं. त्या दिवशी गाळ्याबाहेर आल्याबरोबर मी जोडीदाराला म्हणालो, “तू कशाला मध्ये पडलास? चूक सगळी माझी होती.”

“पाणी मीच भरत होतो ना? खोटं काय बोललो?”

मला वाटलं, मिटलं. पण तो पायरीवरच थांबला. “शेठचं झालं. आता मुलुंड. तिथे बोललास सगळ्यांसमोर, तिथेच परत घे. सगळ्यांसमोर.” या वेळी तो मास्टर म्हणाला नाही.

गेलो. त्याच ऑफिसात भर दुपारी उभा राहिलो, तो माझ्या शेजारी. म्हणालो, “त्या दिवशी मी याला बोललो, त्यात याची चूक नव्हती. माझी होती.”

कारकुनांनी एकमेकांकडे पाहिलं. हेडक्लार्कने चष्मा कपाळावर चढवला. “कुठल्या दिवशी? काय बोललात?”

कुणाच्याच लक्षात नव्हतं, माझ्या शेजारी उभा होता तो सोडून. मग मला ते सगळं पुन्हा सांगावं लागलं. कामचोर म्हणालो. डोक्यात शिरत नाही म्हणालो. घरी जाऊन मासे सुकव म्हणालो. माझा आवाज फुटेना, आणि मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “जरा मोठ्याने बोला.”