माकडाच्या शेपटीचे दीडशे रुपये

भाजे गावच्या चिमाबाई ओव्हाळ यांनी लेण्यांच्या पायऱ्यांशी बसून तीस वर्षं करवंदं विकली. माप भरलं की वर एक मूठ फुकट टाकायची, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक नसलं की त्या पुठ्ठ्यावर कोळशानं चित्रं काढत. त्यांतलं लोहगडाचं माकड नातीला, तेजलला, फार आवडलं. तिनं ते टी-शर्टवर छापून विकायला ऑनलाइन दुकान उघडलं. छपाई आणि पाठवणी दुकान देणाऱ्या कंपनीची. शर्टामागे कंपनीचे साडेतीनशे; त्यावर आपला नफा किती, तो आकडा आपण भरायचा.

"आजी, वर किती टाकू?"

"वर टाकायचं ते फुकटच असतंय की! त्यात काय इचारायचं?"

तेजललाही पैसे लावायची लाजच वाटत होती. तिनं शून्य भरलं.

महिन्यात सव्वीस शर्ट खपले आणि हाती दमडी आली नाही. लोणावळ्यात हॉटेलात काम करणारा चिमाबाईंचा भाचा अतुल हसत सुटला. "मावशे, कंपनीला जेवू घातलंस आन् सोता उपाशी!"

तेवढ्यात पुण्याच्या एका ट्रेकच्या ग्रुपनं कळवलं, चाळीस शर्ट हवेत, रविवारी ऑर्डर देतो.

"आता वाढवलं आन् नको म्हणाले तर?" तेजल म्हणाली.

शर्ट गेले तर चित्र आणखी लांब पोचेल, आणि चिमाबाईंना तेच हवं होतं. तरी त्या म्हणाल्या, "त्या माकडाची शेपूट तीन वरसं चुकत हुती. तवा कुटं जमली. दीडशे लाव."

रविवारी ग्रुपच्या माणसाचा फोन आला. "परवा तर साडेतीनशे होते?"

चिमाबाईंनी तेजलच्या हातून फोन घेतला.

"साडेतीनशे कापडाचे हायेत, दादा. चित्राचं लावायचं इसरलो हुतो आमी."

पलीकडून प्रश्न आला, "चित्र कुणी काढलंय?"

"म्या."

"मग चाळीसच्या चाळीस द्या. आणि चित्राखाली तुमचं नाव हवं."

तेजल नाव टाइप करायला बसली. 'चिमाबाई' लिहून थांबली.

"निस्तं चिमाबाई नको," त्या पाठीशी उभं राहून म्हणाल्या. "चिमाबाई रतन ओव्हाळ, भाजे. पुरं टाक."