चिमणाबाईंची पथ्याची पंगत

गंगावेशीतून आत वळलं की उजव्या हाताला बसक्या माळ्याचं एक कौलारू घर होतं. दारावर पाटी नव्हती. दुपारी बाराच्या सुमाराला भाजलेल्या मसाल्याचा वास रस्त्यावर यायचा आणि नवा माणूसही न विचारता आत शिरायचा. एकोणीसशे पन्नास साली मी कुरुंदवाडहून कोल्हापुरात मोजणीच्या कचेरीत कारकून म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी असाच आत शिरलो.

खाणावळ चिमणाबाईंची. त्यांचे यजमान कृष्णातराव बाजार आणायचे, पाणी भरायचे, ताटं मांडायचे, पण चूल बाईंची आणि आवाजही बाईंचाच. चाळिशीच्या, उंच, भरल्या अंगाच्या. इकडच्या बायका बोलतात तशा त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. ताटातलं टाकलेलं त्यांना खपत नसे. "पावणं, भाकरी काय कावळ्याला ठेवलीसा?" असं विचारलं की माणूस मुकाट्यानं ताट पुसून उठायचा.

पुढच्या उन्हाळ्यात उकळता रस्सा उतरताना पातेलं कललं आणि बाईंचा डावा पाय घोट्यापाशी भाजला. हळद झाली, कोरफड झाली, खोबरेल झालं. एरवी पंधरवड्यात भरून यायची ती जखम. पण ज्येष्ठ लागला तरी ओलीच. त्यातच त्यांना तहान फार लागायला लागली. चुलीशेजारी पाण्याचा तांब्या कायमचा येऊन बसला. अंगावरचं लुगडं ढगळ दिसू लागलं. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. बाईंनी मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि पायाला फडकं बांधून पुन्हा भाकरी थापायला बसल्या.

तेव्हा गणपतराव सरनोबत मध्ये पडले. ते संस्थानच्या मोटारखान्यात होते. संस्थान विलीन झालं आणि ते पेन्शनीत निघाले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, म्हणून दोन्ही वेळचं जेवण चिमणाबाईंकडं. धिप्पाड माणूस, रश्श्यावरचा तांबडा कट वाटीभर प्यायचा आणि मिशा पुसायचा. एक दिवस जेवण झाल्यावर हात न धुताच ते चुलीपाशी जाऊन उभे राहिले.

"चिमणाबाई, उद्या इंगवले डॉक्टरकडं जायचं."

"मला काय धाड भरलीया?"

"ते डॉक्टर सांगतील. टांगा सांगून ठेवलाय मी."

कृष्णातराव घाबरले होते. त्यांनी मलाही सोबत घेतलं.

डॉक्टर इंगवले मंगळवार पेठेत बसायचे. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी जखम पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले आणि लघवी तपासायला घेतली. काचेच्या नळीत निळं औषध होतं. त्यात काही थेंब टाकून त्यांनी नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटेसारखं तांबडं.

"ह्यो तर माझ्या रश्श्याचा कट," बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. "निळं राहिलं असतं तर बरं होतं. बाई, तुम्हाला मधुमेह आहे. म्हणून जखम भरत नाही. हे दुखणं मुळासकट जात नाही, पण ताब्यात ठेवता येतं. ठेवलं नाही तर पाय जाईल."

कृष्णातराव खाली बसले. बाई मात्र उभ्याच होत्या. "काय करायचं ते सांगा."

डॉक्टरांनी साखर, गूळ, भात, बटाटा, रताळं बंद सांगितलं. भाकरी मोजकी. पालेभाजी, उसळ, ताक चालेल. रोज चालायचं. जखम दिवसाआड धुऊन घ्यायची. महिनाभर बघू, नाही उतरली साखर तर इंजेक्शन घ्यावं लागेल.

"भाकरी मोजकीच हाय की माझी," बाई म्हणाल्या. "दोन येळला एकेक. मी खातो कुठं? चुलीपुढं उभं ऱ्हाऊन चाखतो तेवढंच."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. "उद्या एक करा. चाखायला जेवढं तोंडात टाकाल, तेवढंच उचलून एका पातेल्यात टाका. तोंडात काही घालू नका. संध्याकाळी बघा."

बाईंनी तसं केलं. सकाळच्या गुळाच्या चहाचा पहिला घोट पातेल्यात गेला, मग दुसरा. रश्श्याची पळी, मटणाची फोड शिजली का बघायला एक तुकडा, भाताची शितं, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शिऱ्याचा घास, भाकरीचा मोडका कोपरा, पुन्हा चहा. दिवे लागले तेव्हा पातेलं काठोकाठ भरलं होतं. बाईंनी ते उचलून बाहेरच्या खोलीत आणलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं.

"हे बघा. ह्यो माझा रोजचा उपास."

आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की जेवायला बसलेली आम्ही सगळी मंडळी हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून चुलीशेजारचा गुळाचा डबा माळ्यावर गेला.

आता अडचण निराळीच आली. बाईंनी चाखायचं नाही, तर चाखायचं कुणी? कृष्णातराव पुढं झाले. पण त्या माणसाला आयुष्यात बायकोच्या हातचं काही वाईट लागलंच नव्हतं. काहीही चाखवा, "झ्याक झालंय" म्हणायचे. एके दुपारी अळणी रस्सा सगळ्या पंगतीला गेला. गणपतराव वाटी तोंडाला लावून थांबले, कृष्णातरावांकडं बघितलं आणि म्हणाले, "प्रेम चांगलं असतं कृष्णातराव, पण मीठ आणा." त्या दिवसापासून बाईंनी रीत बदलली. जिभेच्या टोकाला थेंब लावायचा आणि लगेच चूळ भरायची.

त्यांचं स्वतःचं ताट मात्र मन लावून ठरलं. त्यांच्या माहेरी, राधानगरीकडच्या गावात, आई जे खायची ते त्यांना आठवायला लागलं. नाचणीचं आंबील, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. लहानपणी ते गरिबाचं जेवण म्हणून त्यांना लाज वाटायची. आता त्यांनी नाचणी गावाकडून मागवून घेतली. कारल्याच्या चकत्या तव्यावर परतून त्यावर जवसाची चटणी भुरभुरायच्या. जेवायला बसलं की आधी मूठभर मेथीची कोवळी पानं आणि मुळा, मग उसळ, आणि भाकरी शेवटाला. "आधी पाला चावला की भाकरीचा जोर कमी हुतो," त्या म्हणायच्या. पहाटे कृष्णातरावांबरोबर रंकाळ्यापर्यंत चालत जायच्या, सुरुवातीला लंगडत, नंतर नीट.

जांभळाचे दिवस आले तेव्हा त्यांनी पंगतीत एक वाडगा फिरवला. ज्यानं जांभूळ खाल्लं त्यानं बी त्यात टाकायची. बिया धुऊन पत्र्यावर वाळवल्या, उखळात कुटल्या आणि वस्त्रगाळ पूड करून ठेवली. रोज सकाळी चमचाभर पाण्याबरोबर. डॉक्टरांना त्यांनी लपवलं नाही.

"घ्या की," डॉक्टर म्हणाले. "पण तुमची साखर पुडीनं उतरली, भाकरी कमी केल्यानं उतरली की चालण्यानं, हे मला सांगता येणार नाही. म्हणून तिन्ही चालू ठेवा. आणि तपासणी सोडू नका."

नळीतला रंग तांबड्याचा पिवळा झाला, मग हिरवा. जखमेच्या कडा आत सरकू लागल्या. इंजेक्शनाची पाळी आली नाही. दिवाळीच्या आधी बाईंनी पायाचं फडकं सोडलं ते परत बांधलं नाही.

गणपतरावांना बाईंच्या ताटाची चेष्टा करायची सवय लागली होती. "काय, आज गवत कुठलं?" असं विचारायचे. पण पुढल्या वर्षी त्यांचेच पाय सुजले. जिना चढताना दम लागू लागला. इंगवले डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं, रोजची गोळी सुरू केली आणि मीठ, तेल, मटण तोडलं. गणपतराव त्या दुपारी जेवायला आले ते मान खाली घालून.

"आता माझ्यासारख्यानं काय खायचं?"

"गवत," बाई म्हणाल्या. "बसा."

मिठाशिवाय स्वैपाक करणं त्यांना साखरेपेक्षा अवघड गेलं. कोल्हापुरी जीभ ती. पण त्यांनी गणपतरावांसाठी वेगळी चटणी कुटली, मीठ न घालता, जिरं जास्त भाजून आणि ओला लसूण घालून. आमसूल, लिंबू, कोथिंबीर यांच्यावर भागवलं. पहिले आठ दिवस गणपतराव तोंड वाकडं करून जेवले. नवव्या दिवशी त्यांनी माडग्याची वाटी पुन्हा पुढं केली.

मग एक शाळामास्तर आले, मग बाजारातले दोन व्यापारी. भिंतीकडेच्या चार पाटांवर वेगळी पंगत बसू लागली. बाकीचे रश्श्यात भाकरी कुस्करायचे आणि हे चौघे मेथी चावत त्यांच्याकडं बघायचे. कुणीतरी म्हणालं, खाणावळीचा दवाखाना होईल, गिऱ्हाईक पळेल. बाईंनी ऐकून घेतलं आणि पाचवा पाट मांडला.

जांभळाच्या पुडीचं नाव मात्र नको तितकं पसरलं. गडहिंग्लजच्या एस.टी.तून उतरून लोक पत्ता विचारत यायचे. बाई पुडी बांधून द्यायच्या, पैसे घेत नसत. त्यांना बरं वाटायचं. आपल्या हातानं कुणाचं भलं होतंय, हे कुणाला आवडत नाही?

त्रेपन्न सालच्या थंडीतली गोष्ट. गणपतराव दुपारी दारात आले आणि उंबऱ्याला धरून उभेच राहिले. ओठ निळसर झाले होते, बोलता येत नव्हतं. बाई परातीतलं पीठ टाकून धावल्या. त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, बंडीची बटणं सोडली. धोतर वर सरकलं तेव्हा पाय दिसले. बोट दाबलं तिथं खड्डा पडत होता.

"अवो, डॉक्टर," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कृष्णातराव अनवाणीच पळाले.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मोठ्या दवाखान्यात हलवलं. मी आणि बाई टांग्यातून मागोमाग गेलो. गणपतरावांना जरा श्वास घेता यायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेता ना?"

 गणपतराव हळूच म्हणाले, "दोन महिने झाले सोडून. सूज उतरली होती. म्हटलं, बाईंचं जेवण आहे, त्यांची पूडही घेतोय, आता गोळी कशाला?"

 परत येताना बाई टांग्यात पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. गंगावेस आली तेव्हा म्हणाल्या, "माझ्या जेवणानं माणूस मरत हुता."

"जेवणानं नव्हे," मी म्हणालो. "गोळी सोडल्यानं."

"पर सोडली कुणाच्या भरवशावर?"

मी उतरून टांगेवाल्याला भाडं दिलं.

घरी गेल्यावर त्यांनी पुडीची बरणी फोडली नाही की फेकली नाही. झाकण घट्ट लावून आतल्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून जो पूड मागायला येई त्याला त्या विचारायच्या, "डॉक्टर कोण तुमचा? काय म्हणाला त्यो?" उत्तर आलं नाही तर पाणी देऊन, बसवून घेऊन, इंगवले डॉक्टरांचा पत्ता सांगायच्या. काही लोक रागावून गेले. काही खरंच डॉक्टरांकडं गेले.

तीन आठवड्यांनी गणपतराव परत आले. बरेच वाळले होते, पण श्वास सरळ होता. नेहमीच्या पाटावर बसले. बाई ताट घेऊन आल्या आणि ताट हातातच धरून उभ्या राहिल्या.

"गोळी?"

"घरी घेतली."

"मी बघितली न्हाय."

गणपतरावांनी इकडंतिकडं पाहिलं. मोटारखान्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे. पण खिशातून डबी काढून उद्याची गोळी दाखवत ते म्हणाले, "उद्यापासून इथंच घेतो. तुमच्यासमोर."

"मग जेवा," म्हणून बाईंनी ताट ठेवलं.

तेव्हापासून भिंतीकडेच्या पंगतीची रीतच पडली. ज्याला औषध आहे त्यानं ते बाईंच्या देखत घ्यायचं, मगच वाढप. डॉक्टर इंगवल्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते एकदा स्वतः येऊन बघून गेले. शेवग्याची भाजी खाल्ली आणि आणखी मागितली, एवढंच.

गणपतराव त्यानंतर चार वर्षं जगले, आणि चांगले जगले. रंकाळ्याच्या फेरीत तेही सामील झाले. कृष्णातराव पुढं, बाई मध्ये आणि गणपतराव काठी टेकत मागं, मोटारींच्या गोष्टी सांगत. गेले ते झोपेत. बाईंनी तेराव्याला त्यांच्या नावानं भिंतीकडच्या पंगतीला जेवण घातलं आणि त्या दिवशी सगळ्यांना मुद्दाम अर्धी पुरणपोळी वाढली. स्वतःही अर्धी खाल्ली, संध्याकाळची भाकरी सोडली आणि दुसऱ्या दिवशी तपासून आल्या.

मधल्या काळात माझी बदली गडहिंग्लजला झाली, लग्न झालं, कोल्हापूर सुटलं. अठ्ठावन्न साली कचेरीच्या कामानं आलो तेव्हा दुपारी गंगावेशीत वळलो. खाणावळ तशीच होती. भिंतीकडच्या पाटांची आता पुरी ओळ झाली होती. बाई थोड्या वाकल्या होत्या, केस पिकले होते, पण चाल ताठ होती. मला बघून हात पुसत पुढं आल्या, आणि कुशल विचारायच्या आधी माझ्या पोटाकडं बघितलं.

"पोट सुटलंय की, पावणं. बायको भात घालतीया व्हय?"

"घालते."

"मग कुठल्या पंगतीला बसणार?"

मी दोन्हीकडं पाहिलं. इकडं रश्श्याची वाफ येत होती. तिकडं एक म्हातारा मेथीची पानं निवांत चावत होता.

"आज तांबड्या रश्श्याच्या," मी म्हणालो. "पुढल्या खेपेला बघू."

"पुढल्या खेपेला मी बघतो," चिमणाबाई म्हणाल्या, आणि कृष्णातरावांना पाट मांडायला सांगून आत वळल्या.