धुडकूभाऊंच्या वाट्याचा रोट

धुडकूभाऊ पाटलांना गप्प बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेही त्यांच्या अक्कलदाढेने बसवलं म्हणून. एरवी हा माणूस गल्लीच्या तोंडाशी बोलायला लागला की मला शेवटच्या घरात मुलांच्या वह्या तपासताना सगळं ऐकू यायचं. त्यांचाही दोष नाही म्हणा. दिवसभर कापडाच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खडखडाटात उभा राहणारा माणूस घरी आला तरी ओरडूनच बोलणार. सुरतेतल्या आमच्या नवागामात असे आवाज घरोघरी होते, पण धुडकूभाऊंचा सगळ्यांच्या वरचढ.

मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. धुडकूभाऊ आणि पुष्पाबाई हे जोडपं माझ्या समोर राहायचं. अमळनेरकडचं, घरात अहिराणी बोलणारं. माझ्या नळाचा वायसर बदलण्यापासून गॅसचं सिलिंडर उचलण्यापर्यंत सगळं धुडकूभाऊ करायचे आणि करताना मला चार शब्द सुनवायचे. मीही त्यांना सुनवायची. आमचं छान चाललं होतं.

त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, श्रावण लागायच्या आधी त्यांच्या गावाहून निरोप आला. थोरला भाऊ सुपडू याने कळवलं होतं, की अर्धे भाऊबंद आता सुरतेतच आहेत, तेव्हा यंदा श्रावणातली आपली कानबाई देवी धुडकूच्या घरी बसवू, मी येतो.

पुष्पाबाई हा निरोप मला सांगताना रडल्या. मला आधी कळेचना, सणाला भाऊ येतोय तर रडायचं काय! मग त्यांनी सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी सुपडूदादांच्या मुलीचं लग्न होतं. धुडकूभाऊंना पाळी बदलून मिळाली नाही. ते पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पंगत उठत होती. सुपडूदादा सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ये पाहुना, बस." बस्स, एवढंच. धुडकूभाऊ हात न धुता तसेच परत फिरले, ते पुन्हा गावाला गेलेच नाहीत.

पाहुणा हा शब्द एवढा का लागावा, हे मला कानबाईच्या रोटाबद्दल ऐकल्यावर समजलं. कानबाईला खानदेशात घरातल्या माणसागणिक गहू मोजतात. त्याच गव्हाच्या पुरणपोळ्या होतात, त्याला रोट म्हणतात. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही आणि उरू द्यायचा नाही. पाहुण्याच्या नावाने गहू मोजत नाहीत. म्हणजे दादांनी आपल्याला गव्हातून काढून टाकलं, असं धुडकूभाऊंनी मनाशी धरलं आणि पाच श्रावण त्यांनी सुरतेत वरण-भात खाऊन काढले.

"आता येताहेत ना दादा? मग झालं तर!" मी म्हटलं.

"व्हयनं कसं बाई?" पुष्पाबाई म्हणाल्या. "ह्यासले तोंड उघडता येस नही."

ती दाढ वर्षभर मधूनमधून ठणकत होतीच. धुडकूभाऊ लवंग धरायचे, तंबाखूची गोळी धरायचे, कुणी सांगितलं म्हणून एकदा बाम लावला. आता मात्र हिरडी सुजून गाल वर आला होता आणि दोन बोटांपलीकडे जबडा उघडत नव्हता. अशा तोंडाने रोट कसा खाणार? आणि खाल्ला नाही तर दादा काय समजणार? हा अजून रुसलेलाच आहे, माझ्या हातचा घास याला चालत नाही.

"चला डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"बाई, दाढ काढी ते डोया जास म्हने," धुडकूभाऊ गाल धरून म्हणाले.

"दाढेचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. माझ्या दोन काढल्यात आणि मला तुमच्या खिशातली पुडी इथून दिसतेय. ती आधी टाका!"

उधन्याला हेमाक्षीबेन नावाच्या दातांच्या डॉक्टर होत्या. लहानखुऱ्या, गोड बोलणाऱ्या, पण मनगट पैलवानाचं. त्यांनी फोटो काढून दाखवला. खालची डावी अक्कलदाढ आडवी पसरली होती आणि पुढच्या दाढेला ढुशी देत होती. आधी गोळ्या देऊन सूज उतरवू आणि मग काढू, असं त्या म्हणाल्या. कानबाई किती लांब आहे ते मी विचारून ठेवलं होतं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, सगळं नीट पाळलं तर तोवर मऊ पोळी खाता येईल.

दाढ काढली त्या दिवशी मी सोबत होते, कारण पुष्पाबाई बाहेरच्या बाकावर डोळे मिटून कानबाईचा धावा करत बसल्या होत्या. धुडकूभाऊंना इंजेक्शन टोचलं तेव्हा जे काही दुखलं ते तेवढंच. नंतर दुखलं असं नाही. नुसतं ढकलल्यासारखं, दाबल्यासारखं वाटतं आणि कानात कडकड आवाज येतो. आडवी असल्यामुळे दाढ दोन तुकडे करून काढावी लागली, वर टाके पडले. ते तुकडे धुडकूभाऊंनी कागदात बांधून मागून घेतले.

मग हेमाक्षीबेननी सूचना दिल्या. कापसाची घडी तासभर दाबून धरायची. बधिरपणा उतरेपर्यंत गरम काही प्यायचं नाही, ओठ चावला तर कळायचं नाही. आज बाहेरून बर्फ. उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू खळखळायचं आणि पाणी आपोआप गळू द्यायचं. गाल दोन-तीन दिवस आणखी सुजेल, घाबरायचं नाही, मग उतरेल. खिचडी, दही, केळं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं ते त्यांनी बोट उगारून सांगितलं, "चूसवानुं नहीं, थूंकवानुं नहीं, बीडी-तमाकू बिलकुल नहीं." खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच जखमेचं झाकण. काही ओढून प्यायलात की ती गाठ निघून येते आणि आतलं हाड उघडं पडतं. मग जे दुखतं ते दाढेपेक्षा भारी.

धुडकूभाऊंनी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर खालचा ओठ हाताने हलवून पाहिला, आरशात पाहिला, पुन्हा हलवून पाहिला. "बाई, हाऊ ओठ मना नही शे," असं काहीतरी ते बोबड्या सुरात म्हणाले आणि पुष्पाबाई सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

पथ्य त्यांनी असं पाळलं की मी चकित झाले. तंबाखूची पुडी खरंच गटारात टाकली. बशीतून फुर्रकन चहा ओढायची त्यांची जन्माची सवय, तीही सोडली. थंड झालेला चहा चमच्याने पिताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या दिवशी गाल पुरणपोळीसारखा फुगला, मग उतरायला लागला. खिचडीवरून ते मऊ भातावर आले. आवाज परत आला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि धुडकूभाऊ कामावर रुजू झाले.

कामावरून आले ते गाल धरूनच. रात्रीतून कळ कानापर्यंत गेली, तोंडाला घाण चव. सकाळी हेमाक्षीबेनसमोर पुन्हा खुर्चीत.

"गाठ नीकळी गई छे," त्या म्हणाल्या. "बीडी पीधी?"

"कानबाईनी आन, बिडीले हात लायेल नही!"

"तमाकू?"

"नही!"

"नळीने सरबत वगैरे?" मी विचारलं.

"बाई, सरबत कोन देस माले?"

त्यांनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाची औषधी पट्टी आत भरली. दुखणं बरंच कमी झालं. पण डॉक्टरांच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं की हा माणूस खोटं बोलतोय. आणि खरं सांगते, मलाही तेच वाटलं. माझा पारा चढला. एवढं रिक्षाने नेलं-आणलं, शाळेत रजा टाकली आणि हा गृहस्थ कारखान्यात कोपऱ्यात जाऊन बिड्या ओढतो! तिकडे दादांनी गाडीचं तिकीट काढलेलं. इकडे यांच्या बायकोला झोप नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तडक कारखान्यात गेले. रंगेहाथ पकडायचंच असं ठरवून गेले होते. आत तो आवाज म्हणजे छातीत कुणीतरी ठोकतंय असा. धुडकूभाऊ आपल्या लूमांच्या मध्ये उभे होते. मला पाहून हात हलवला. खिसे रिकामे, ओठ रिकामे, हातात बिडी नाही. तेवढ्यात एका लूमचं सूत संपलं. त्यांनी आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी धोटा बाहेर काढला, त्यात सुताची नवी कांडी बसवली, धोट्याच्या टोकाचं बारीक भोक ओठांना लावलं आणि सुर्रकन श्वास ओढला. सुताचं टोक भोकातून बाहेर आलं. धोटा परत लूममध्ये. मग पलीकडचा लूम. पुन्हा धोटा तोंडाला, पुन्हा सुर्र.

मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. सगळा कारखाना हेच करत होता. कांडी बदलली की धोटा तोंडाला. हे काही ओढणं आहे असं त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. ते काम होतं. श्वास घेताना आपण हवा ओढतोय असं जसं कुणाच्या मनात येत नाही, तसं हे ओढणं त्यांच्या लेखी ओढणंच नव्हतं.

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "धुडकूभाऊ, तोंडाने ओढू नका म्हटलं होतं ना!"

त्यांनी धोट्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा धोट्याकडे. आणि मग त्या गदारोळात, गाल धरून, असे हसायला लागले की शेजारचा कारागीर लूम थांबवून बघायला आला. मला इतकी माया आली त्या माणसाची, काय सांगू. हा बिचारा थंड चहा चमच्याने पीत होता!

त्या दिवसापासून शेजारच्या कारागिराने त्यांचे धोटे ओवून दिले. हेमाक्षीबेनना मी जाऊन सांगितलं तेव्हा त्याही खूप हसल्या. म्हणाल्या, इतके लूमवाले येतात, आता प्रत्येकाला हे वेगळं सांगेन. पट्टी दोनदा बदलली. दुखणं पळालं, पण कानबाईचा रविवार उजाडला तेव्हा जबडा अजून अर्धाच उघडत होता आणि चावायची परवानगी नव्हती.

सुपडूदादा आदल्या दिवशीच आले. मोठ्या पोटाचे, पांढऱ्या टोपीचे, धुडकूभाऊंसारखेच दणदणीत आवाजाचे. दोघा भावांनी एकमेकांना नमस्कार केला, गाडीला गर्दी होती का वगैरे झालं आणि मग धुडकूभाऊ मान खाली घालून दादांची पिशवी आत ठेवायला निघून गेले. धुडकूभाऊंचं मन भरून आलं की त्यांना बोलता येत नाही हे मला तेव्हा कळलं. दादांना वाटलं, राग आहे. दाढेचं सांगायला पुष्पाबाईंनी तोंड उघडलं तर दादांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे."

रविवारी कानबाई बसली. नारळाला दागिने घातले, फुलं वाहिली, बायकांची गाणी झाली. पंगत मांडली. मला बाहेरची म्हणून रोट नाही. दारापाशी खुर्ची आणि कपभर चहा. ज्या बाईने दाढ काढून आणली तिला चहा! पण रीत ती रीत. मी बसून बघत होते.

धुडकूभाऊंपुढे ताट आलं. त्यांनी पोळीला हात लावला आणि हात तसाच राहिला.

"काबर रे?" सुपडूदादांचा आवाज फुटला. "आजून राग शे का मनावर?"

धुडकूभाऊंनी मान हलवली, गालाला हात लावला, डोळे भरले. मला काही राहवलं नाही. मी दारातून ओरडले, "अहो दादा, राग नाही, दाढ आहे! काढलीय! चावता येत नाही!" आणि धोट्याची सगळी गोष्ट मी एका दमात सांगून टाकली.

पंगतीत हशा उसळला. सुपडूदादा हसले नाहीत. ते उठले, भावाच्या शेजारी येऊन बसले, दुधाची वाटी ओढली आणि धाकट्याच्या ताटातली पोळी त्यात कुस्करायला लागले. बोटांनी बारीक, अगदी लापशी होईपर्यंत. कुस्करता कुस्करता खाली मान घालून बोलत होते.

"पाहुना म्हनेल व्हतं मी तुले. म्हनाले नको व्हतं." मग पोळीचा आणखी एक तुकडा वाटीत टाकून, "पन तुना गहू दर साल मोजेल शे. एक साल चुकेल नही."

"मंग कोनी खादा?" धुडकूभाऊंच्या तोंडून पहिला शब्द निघाला.

"बाहेर देता येस नही, उरू देता येस नही. कोन खाई?" दादांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "हाई दख. आरधं तुनं शे."

धुडकूभाऊ रडत होते की हसत होते, अर्ध्या उघडलेल्या तोंडावरून सांगता येत नव्हतं. दादांनी पहिला घास भरवला. उजवीकडून, हळू. दुसरा धुडकूभाऊंनी स्वतः घेतला. पुष्पाबाई पदराने डोळे पुसत वाढत होत्या, आणि मी त्या चहात काय पडलं ते सांगणार नाही.

वाटी चाटूनपुसून संपली. धुडकूभाऊंनी ती पुन्हा भरायला भावापुढे केली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात म्हणाले, "दादा, आखो दे. पाच सालनं ऱ्हायेल शे."