बोल रं, काय दिसतंय?

"बोल रं, काय दिसतंय?"

दिवस मावळला की आप्पांचा हा प्रश्न सुरू व्हायचा. एक हात इंजिनाच्या दांड्यावर, मान बाहेर, आणि प्रश्न मला. ते मालगाडीचे ड्रायव्हर, मी त्यांचा फायरमन. लोंढ्याहून बेळगावकडे निघालो की भट्टीत कोळसा टाकायचा आणि अंधार पडल्यावर सिग्नलचा दिवा दिसेल तसा ओरडून सांगायचा, ही माझी कामं. नुसती मान हलवलेली त्यांना चालायची नाही. "मुंडी नगं हलवूस. तोंडानं बोल."

"हिरवा, आप्पा!" मी बोंब मारायचो. मग ते स्वतःशीच "हिरवा" म्हणायचे आणि गाडी पुढे काढायचे.

आता, सगळेच ड्रायव्हर फायरमनला विचारतात. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तेच परत बोलायचं, ही आमची रीतच. पण आप्पांइतका हट्ट कुणाचा नव्हता. लोंढ्याला आम्ही फायरमन जेवायला बसलो की आमटीचं झाकण काढताना कुणीतरी हमखास त्यांच्या आवाजात विचारायचा, "बोल रं, काय दिसतंय?" आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "पाणी, आप्पा!"

आप्पा सदलग्याचे जैन. सूर्य बुडायच्या आत डबा खाऊन मोकळे. चूळ भरायची, टोपी नीट करायची, की प्रश्न चालू. दिवसा मात्र ते चकार शब्द विचारायचे नाहीत. सिग्नलच्या खांबावरचा हात आडवा आहे, म्हणजे थांबा, की खाली पडलाय, म्हणजे जा, हे माझ्याआधी त्यांना दिसायचं. एवढं तुम्ही ध्यानात ठेवा. मी रोज शेजारी उभा असून माझ्या काही ते ध्यानात आलं नाही.

एकदा वाफ कमी पडली म्हणून त्यांनी मला लई झापलं. मी फुगून बसलो. गुंजीला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. समोर लख्ख हिरवा दिवा. आप्पांनी विचारलं, मी मख्खासारखा गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. आणि सरळ गाडी उभी केली की हो! स्टेशन मास्तर कंदील घेऊन धावत आले. "सिग्नल दिलाय की! डोळं फुटलं काय?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "फायरमन बोल्ला न्हाय."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. काय माणूस म्हणायचा हा! अख्ख्या लाइनीवर असा शिस्तीचा ड्रायव्हर नाही, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो.

मग वरून हुकूम आला, की गाडीवरच्या जुन्या माणसांना रंग ओळखता येतात का ते तपासायचं. तोवर लांबचं दिसतं का, एवढंच बघायचे. दवाखान्यात टेबलावर लोकरीच्या रंगीबेरंगी लडींचा ढीग होता. डॉक्टरांनी एक फिकट हिरवी लड समोर ठेवली आणि म्हणाले, "ढिगातून हिच्या रंगाच्या सगळ्या काढा."

"सायेब, ह्ये बायकांचं काम लावलंसा की आमाला!" आप्पा हसत कामाला लागले. विड्याची पानं लावावीत तशा त्यांनी लडी ओळीनं मांडल्या. माझा नंबर पुढचा, म्हणून मी दारातच उभा होतो. मी ती ओळ बघितली. हिरव्या लडीशेजारी एक मातकट, एक राखी, एक तर चक्क गुलाबी! आधी वाटलं, थट्टा करताहेत. तेवढ्यात आप्पा खुशीत माझ्याकडे वळले.

"बोल रं, काय दिसतंय? बरोबर हाय न्हवं?"

मी नुसती मान हलवली.

"तोंडानं बोल!"

"आप्पा," मी कसाबसा म्हणालो, "ह्यातली येकबी हिरवी न्हाय."

"अय्यो, इदेनु? काय ह्ये?" आप्पा घाबरले की कानडीत बोलायचे. लडी उचलून ते व्हरांड्यात उन्हात गेले, उलट्यासुलट्या करून बघत राहिले. "ह्यो आन् ह्यो... तुला येगळं दिसत्यात? खरंच?"

देवाशपथ सांगतो, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, दिवे लांबून सगळ्यांनाच सारखे दिसतात, तरण्या डोळ्यांना फरक लवकर कळतो, म्हणून विचारायचं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसा त्यांना सिग्नलचा हात दिसायचा. रात्री नुसता दिवा, आणि लाल काय, हिरवा काय, त्यांना एकच! अरे देवा! इतकी वर्षं ती गाडी माझ्या एका शब्दावर पळत होती, आणि मी कितीदा पेंगत पेंगत तो शब्द उच्चारला असेन.

आप्पांच्याही मनात तेच आलं असावं. ते भिंतीला टेकून खालीच बसले. "मान्सं मारली असती रं मी."

डॉक्टरांनी त्यांना गाडीवरून काढायचं सांगितलं तेव्हा मी भांडायला उठलो. "सायेब, ह्यांनी येक शिंगल तोडलं न्हाय आजवर!"

"गप," आप्पा म्हणाले. "सायेब बरोबर हायेत." त्यांचा डबा इंजिनावरच राहिला होता, पण ते चढले नाहीत. मलाच आणायला सांगितला.

त्यांच्याबरोबर घरी जाऊन त्यांच्या बायकोला, आमच्या आक्कांना, मीच सगळं सांगितलं. त्या पदर हातात धरून उभ्याच राहिल्या. "हिरवं लुगडं आणा म्हटलं की ह्ये असलंच मातकट आणत्यात. मला वाटायचं, ह्यांस्नी ह्योच रंग आवडतोय."

आप्पांनी त्या पदराकडे पाहिलं. "म्हंजी ह्ये हिरवं न्हाय?"

कुणालाही हसू आलं नाही.

ते सदलग्याला शेतीवर निघून गेले. त्यानंतर त्यांची माझी गाठ एकदाच पडली, तीही धड नाही. मी तेव्हा दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर पॅसेंजरवर होतो. दिवेलागणीला बेळगावच्या अलीकडे सिग्नलला गाडी थांबली. उरलंसुरलं सामान न्यायला आप्पा लोंढ्याला आले असतील, चढताना त्यांनी मला इंजिनावर बघितलं असेल. मागच्या डब्याच्या खिडकीतून एक टोपी बाहेर आली आणि खणखणीत आवाज आला,

"बोल रं, काय दिसतंय?"

मान हलवून चालणार नव्हतं.

"लाल, आप्पा!"

"लाल," ते म्हणाले, आणि टोपी आत गेली.

"कोण रं त्यो येडा?" माझ्या शेजारच्यानं विचारलं.

"माझं डायवर," मी म्हणालो.