काशीत सोडलेली द्राक्षं

काशीला गेलं की एक फळ आणि एक भाजी कायमची सोडायची, ही रीत सुधींद्ररावांच्या घरात तंजावरच्या मराठी पूर्वजांपासून चालत आलेली. त्याबरोबर आणखी एक रीत चालत आली होती, ती कुठल्या पोथीत नाही: जे कोणी खात नाही तेच सोडायचं. त्यांच्या वडिलांनी कवठ सोडलं, ते त्यांनी जन्मात चाखलं नव्हतं. आत्यानं कारलं सोडलं आणि परत येईपर्यंत घरभर सांगत सुटली, जसं काही राज्यच सोडलं.

सुधींद्रराव चेन्नईच्या अण्णा नगरात दुसऱ्या मजल्यावर राहणारे, ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तपासणी खात्यातून निवृत्त झालेले, कपाळाला अक्षता-अंगारा लावणारे सरळ गृहस्थ. त्यांच्या आयुष्यात वाईन शिरली ती कंपनीच्या कृपेनं. निवृत्तीआधी पुण्याला प्रशिक्षणाला पाठवलं, तिथून सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना नाशिकच्या द्राक्षमळ्यात नेलं. तिथं हातात दिलेला पेला यांनी भिडेखातर तोंडाला लावला आणि गडी कामातून गेला. येताना नेसायच्या वेष्टीत गुंडाळून एक बाटली आणली.

"स्वैपाकघरात नको, देवाकडे नको, ताटाजवळ नको," बायको, सीतालक्ष्मी, म्हणाली. "बाकी कोठं तरी ठेवा."

उरला तो माळा. चेन्नईचा मे महिना आणि सिमेंटचा माळा! तीन आठवड्यांनी मोठ्या थाटात बूच काढलं. सीतालक्ष्मीनं दारातूनच नाक वर केलं आणि म्हणाली, "ही गेली. कोशिंबिरीत घालायलासुद्धा नको." आणि गेलीच होती ती. दुसऱ्या दिवशी तिनं जुना फ्रिज दुरुस्त करून घेतला आणि बाल्कनीजवळ ठेवला. सोवळ्याचा फ्रिज आत, ओवळ्याचा बाहेर. नवरा बिघडला तर बिघडला, बाटली का बिघडावी?

नाक कसलं होतं बाईचं! हिंगाच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर झोपायच्या खोलीतून सांगायची. वाईनचा थेंब कधी जिभेला लावला नाही, पण दर रविवारी दुपारी सुधींद्ररावांनी ओतलेला पेला पदरात धरून नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "ह्याला मोच्चै पाहिजे, सोललेले, नारळ घालून." मग पोंगलच्या दिवसांत बाजारात येणारे ते ताजे मोच्चैचे, म्हणजे पावट्याचे, दाणे यायचे, सोलले जायचे आणि खरंच, घास आणि घोट एकमेकांना ओळखायचे. जुलैत आडी लागला की जांभळं, ऑक्टोबरात ऐप्पसीच्या पावसात तुपात परतलेलं सुरण, उन्हाळ्यात उडदाचं पीठ दह्यात कालवून डांगर पच्चडी. ऋतूबाहेरचं ती काही आणायची नाही. "आत्ता त्याचा दिवस नाही," एवढंच म्हणायची.

सुधींद्ररावांनी एक वही घातली होती. कारखान्यातली सवय. तारीख, बाटली, पदार्थ, आणि शेवटचा रकाना: 'सी. म्हणाली'. स्वतःच्या मताला रकाना नव्हता. ते प्यायचे आणि मान डोलवायचे. त्यांना मात्र मनातून तिची कीव यायची. बिचारी, इतकं कळतं आणि नुसता वासच घेते.

अशी अकरा वर्षं गेली. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी त्यांनी एक पांढरी बाटली खास नाशिकहून आणवली. वाढदिवस चित्तिरैत, एप्रिलमध्ये. "तंवर कैऱ्या येतील," सीतालक्ष्मी म्हणाली, "मग वास घेऊन सांगतें." कैऱ्या यायच्या आधी पाच महिने ती गेली. ताप काय, दवाखाना काय, सगळं आठवड्याभरात उरकलं. बाटली फ्रिजमध्ये आडवी राहिली. वर्षभर सुधींद्ररावांनी तो फ्रिज फक्त पुसण्यापुरता उघडला. वर्षश्राद्ध झालं की काशीला जायचं, आणि मग येत्या चित्तिरैत ती उघडायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या एका दुपारच्या आधारावर त्यांनी ते वर्ष काढलं म्हटलं तरी चालेल.

काशीला मुलगी संयुक्ता बरोबर होती. तीही ओरगडमलाच एका कंपनीत इंजिनियर. विधी झाले. गुरुजींनी हातावर पाणी घातलं आणि विचारलं, "फळ कोणतं सोडता?"

सुधींद्ररावांना आंबा आठवला, पण नको. तो सीतालक्ष्मीच्या आवडीचा. फणस? तो तर तिनं कोवळा असताना चिरायला शिकवलेला. केळं नैवेद्याला लागतं. मागे रांग, पुढे गुरुजी, अंगावर ओलं धोतर. मग वडिलांचं रक्त धावून आलं. चेन्नईत मिळणारी ती काळी, आंबट, बियांची द्राक्षं त्यांनी कधी तोंडात घातली नव्हती.

"द्राक्षं," ते म्हणाले, आणि सीतालक्ष्मीचं नाव घेऊन पाणी सोडलं. भाजीत कोबी. फार सोपं झालं, असं मनाशी म्हणत पायऱ्या चढले.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईंनी डबा पुढे केला. "घ्या ना, द्राक्षं आहेत."

"नको, मी सोडली आहेत," सुधींद्रराव म्हणाले आणि वाक्य संपता संपता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

संयुक्ताच्याही तेव्हाच लक्षात आलं. ती आधी खो खो हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग अप्पांकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. चेन्नईत एग्मोरला उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढे सल्ल्यांना तोटा नव्हता. मठातले आचार्य फोनवर म्हणाले, फळ सोडलंत, रसाचं बोलला नव्हता, बाकी मनाला विचारा. संयुक्ता म्हणाली, "अप्पा, उगेच कां? त्या गुरुजींना वाईन ठाऊकपण नसेल."

"अगं, फळ निवडताना एकदा लबाडी केली," सुधींद्रराव म्हणाले. "तुझ्या अम्माच्या नांवानं पाणी सोडलंय. तिथं दुसऱ्यांदा कशी करूं?"

माणूस हट्टी नव्हता, खरा होता, आणि खऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

चित्तिरै आली. कैऱ्या आल्या, कडुनिंबाला मोहर आला. रविवारी संयुक्ता आली तेव्हा सुधींद्ररावांनी स्वतः कैरीची पच्चडी केली होती, गूळ घालून, वरून तुपात तळलेली निंबाची फुलं. बाटली टेबलावर होती.

"तूं पी," ते म्हणाले. "ठेवून खराब झाली तर अम्मा काय म्हणेल?"

संयुक्तानं बूच काढलं, पेला भरला. अप्पांची खुर्ची तिनं घेतली, म्हणून ते स्वैपाकघराच्या दाराशी, सीतालक्ष्मी रविवारी वास घ्यायला बसायची त्या स्टुलावर बसले. पेला त्यांनी मागून घेतला. वास घ्यायला कोणाची बंदी होती?

पहिल्यांदा काहीच कळलं नाही. अकरा वर्षं त्यांनी वास घेतला होता तो घोटाच्या घाईत, दारावर थाप मारून आत शिरावं तसा. आज आत शिरायचंच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. बसून राहिले. हळूहळू हिरवं काहीतरी आलं, मोडलेल्या कैरीच्या देठाचं. मग ओल्या दगडाचा गारवा. मग अगदी तळाशी एक कडू धागा.

"अय्यो," ते उठले. "गूळ जास्त झालाय. ह्याला फुलं पाहिजेत, अजून फुलं."

आत जाऊन त्यांनी कढईत तूप घातलं, मूठभर फुलं तळली आणि पच्चडीवर घातली. संयुक्तानं एक घास खाल्ला, एक घोट घेतला आणि चमचा हातात तसाच राहिला. "अप्पा! अगदी अम्माचं! तुम्हाला कसं कळलं?"

सुधींद्ररावांनी वही काढली, तारीख लिहिली, बाटली लिहिली, पदार्थ लिहिला. 'सी. म्हणाली' या रकान्याशी पेन थबकलं, मग त्यांनी लिहिलं: गूळ कमी, फुलं जास्त.

मग पेला पुन्हा मागून घेतला, नाकाशी धरला आणि स्टुलावर बसले. बिचारी नुसता वासच घेते, असं अकरा वर्षं त्यांना वाटत आलं होतं. बिचारं कोण होतं, ते आज कळलं. आणि ते जिला सांगायचं, ती समोर नव्हती.