पायाळूचा उजवा पाय

मी पायाकडून जन्मले. अशा मुलाला आमच्याकडे पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते असा समज आहे. त्यामुळे कल्याणच्या आमच्या चाळीत माझा उजवा पाय सार्वजनिक नळासारखा होता. कोणीही यावं आणि वापरावा. वीज कडाडायला लागली की मात्र याच मंडळींना मी गॅलरीत उभी राहिलेली चालत नसे. पायाळूवर वीज पडते म्हणे.

पद्धत ठरलेली होती. उसण भरलेला माणूस उंबऱ्याशी पालथा पडायचा. मी भिंतीला धरून उभी राहायचे आणि उजवा तळवा त्याच्या कमरेवरून खाली ओढायचे. तोवर कोणी बोलायचं नाही. झाल्यावर त्याने आभार मानायचे नाहीत, मागे वळून न बघता निघून जायचं. मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा यायचा, कारण नेमकी मी जेवायला बसले की कोणीतरी कण्हत दारात येऊन पडायचं. तो गेला की आई मला मोरीत उभं करायची आणि माझ्या पायावर गार पाण्याचे तांबे ओतायची, पाणी घोट्यापासून बोटांपर्यंत निथळेल असे. "आधी पाय, मग ताट," एवढंच म्हणायची. लोकांच्या घामट पाठी, म्हणून धुवत असेल असं मला वाटायचं.

लग्न होऊन डोंबिवलीला आले, माजिवड्याच्या एका ऑफिसात खुर्चीला चिकटले, पण पायाची कीर्ती माझ्या आधी बिल्डिंगमध्ये पोचली होती. बहुधा सासूबाईंनीच कौतुकाने सांगितलं असणार. इथेही अधूनमधून दार वाजायचं. उगाच वाईटपणा नको म्हणून मी मोजा काढून पाय लावायचे आणि पुन्हा मोजा चढवून कामाला पळायचे. धुणंबिणं मागेच राहिलं.

चाळिशी उलटली आणि त्याच पायाने डाव साधला. सुरुवात उजव्या कुल्ल्यात झाली, मग मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून बोटांपर्यंत कढत तेल ओतल्यासारखी एक रेघ उतरायला लागली. शिंक आली तरी मी ओट्याला घट्ट धरून ठेवायचे. ठाण्याला डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला आणि सांगितलं, मणक्यांमधली गादी सरकलीय, नस दबतेय, याला सायटिका म्हणतात. बहुतेकांचं औषध आणि व्यायामाने बरं होतं. "फक्त एक करा," ते म्हणाले. "पायाचा अंगठा वर उचलला जातोय का, ते रोज बघायचं. तो पडला तर घरी बसायचं नाही, लगेच यायचं. मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल, आणि उशीर झाला तर पाऊल कायमचं लुळं राहू शकतं."

तेव्हापासून डोळे उघडले की मी आधी अंगठ्याकडे बघायचे. उठ रे बाबा, म्हणायचे. तो उठायचा, आणि मग मी उठायचे.

ऑफिसातून रजा घेतली होती. नवरा कामावर गेला की सतरंजीवर पालथी पडून राहायचं, फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेले व्यायाम करायचे, थोडं चालायचं, पुन्हा पडायचं. भर दुपारी आमची बिल्डिंग इतकी शांत होते की वरच्या मजल्यावरच्या टाकीतलं पाणी ऐकू येतं. अशाच एका दुपारी कूस बदलताना माझ्या तोंडून एक आवाज निघाला. दातांतून आत ओढलेला श्वास आणि त्याच्या शेवटी हलकंसं हसू. तो माझा नव्हता. कल्याणला आमच्या शेजारी एक काका राहायचे, गोण्या उचलणारे. उसण भरली की ते असेच कण्हायचे, आणि बायकापोरांसमोर कण्हलो म्हणून लाजून हसायचे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

मी स्वतःला दटावलं. कळ आली की सगळेच असा श्वास ओढतात. पण मग पुढच्या दिवसांत माझी कळ जागा बदलायला लागली, आणि प्रत्येक जागा मला ओळखीची वाटायला लागली. ही डाव्या बाजूची चमक नळावर भांडणाऱ्या काकूंची. ही माकडहाडाजवळची ठणक जिन्यावरून पडलेल्या मास्तरांची. मी पडल्या पडल्या एकेकाला ओळखत होते, पाहुणे दारातून आत यावेत तसे. एक मात्र ओळखू येईना. चालताना माझ्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळायची आणि कमरेच्या मागे, माकडहाडाच्या वर रुतून बसायची. तिथे दाबलं की बरं वाटायचं. असं चालणारं कोण माझ्या पायाखाली येऊन गेलं होतं, काही केल्या आठवेना. मला भीती वाटत होती, आणि नवऱ्याला सांगायची लाज वाटत होती.

त्यातच खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, भिंतीला धरत धरत. "बादली उचलायला वाकलेले नि अशी चमक भरली ना, सरळच होता येईना. तुझा पाय लाव गं जरा."

"काकू, मीच आडवी पडलेय."

"पडल्या पडल्याच लाव. मी येते ना खाली."

आणि त्या खरोखरच माझ्या शेजारी सतरंजीवर पालथ्या झाल्या. अडला हरी म्हणतात, तसं झालं. मी कशीबशी उठून बसले, पाय उचलला आणि त्यांच्या कमरेवर ठेवला. तळव्याला काही म्हणजे काही लागलं नाही, साडीचा पोत नाही, अंगाची ऊबही नाही. पाठीवर माझा पाय ठेवलेला मला दिसत होता, इतकंच. काकू मात्र थोड्या वेळाने उठल्या, सरळ झाल्या आणि मागे न बघता निघून गेल्या. पद्धत त्यांनाही ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा उठला नाही.

मी पुन्हा पुन्हा सांगितलं, तो ढिम्म. पाच बोटांतली बाकीची जेमतेम हलत होती आणि हा आडवा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. मी ओरडले. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी दुपारीच बोलावलं. मग मी आईला फोन केला. तिने फार काही विचारलं नाही. "येते," म्हणाली.

कल्याणहून ती रिक्षाने आली. दार उघडायला मी पाय ओढत गेले, मूठ कमरेत रुतवून. आई उंबऱ्यावरच थांबली. तिचं माझ्या पायाकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या मुठीकडे बघत होती.

"हे काय?"

"दाबलं की बरं वाटतं."

तिने स्वतःचा हात कमरेवरून खाली घेतला. तेव्हा मला दिसलं, तिचीही मूठ तिथेच होती. जन्मभर तिथेच होती. आई म्हणजे मूठ कमरेला लावून चालणारी बाई, हे मी इतकी वर्षं बघत आले होते आणि म्हणूनच मला ते आठवलं नव्हतं.

"कोणाला लावलास?" तिने विचारलं.

मी काकूंचं सांगितलं.

"धुतलास?"

मी भडकले. "आई, नस दबलीय. एमआरआय आहे माझ्याकडे. धुण्याचा काय संबंध?"

"संबंध नसू दे. चल."

बाथरूममध्ये स्टुलावर बसवून ती तांब्याने पाणी ओतायला लागली, घोट्यापासून बोटांपर्यंत. पाणी दिसत होतं पण गार लागत नव्हतं, आणि मला रडू फुटलं. रडता रडता जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुझी कंबर तर सगळ्यांपेक्षा जास्त दुखायची. तू कधीच कसा नाही लावून घेतलास माझा पाय?"

"माझं दुखणं तुझ्यात घालू?"

"मग लोकांचं चाललं?"

आईचा हात थांबला नाही. "लोकांना नाही म्हणता येत नव्हतं गं. चाळीत राहायचं होतं. म्हणून तर धुवायची." तिने तांब्या पुन्हा भरला. "तू पायाकडून आलीस, तेव्हापासून ही कंबर अशी. म्हटलं, निदान एवढं तरी तुझ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही."

मला तिचा राग आला होता आणि तिला घट्ट धरावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

डॉक्टरांनी पाय वरखाली करून पाहिला. जोर कमी झालाय, गेलेला नाही, म्हणाले. मणक्यात इंजेक्शन दिलं, थोडी वाट बघू म्हणाले, रोज तपासायला बोलावलं. आई राहिली. मी व्यायाम करायचे, संध्याकाळी ती पाय धुवायची. एका संध्याकाळी पाणी ओतताना मी दचकले. गार लागलं होतं. त्यानंतर अंगठाही हळूहळू उठायला लागला. डॉक्टर इंजेक्शनला श्रेय देतात आणि ते बरोबरच असणार. आई कशालाच देत नाही.

आता मी ऑफिसला जाते, मधेमधे खुर्चीतून उठून फेरी मारते आणि कोणी दार वाजवलं तर सरळ नाही म्हणते. आई माझ्याकडेच असते. तिची कंबर अलीकडे फार वाकलीय. परवा सुट्टीच्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर झोपली होती, श्वास संथ चालला होता. मी शेजारी व्यायाम करत होते. तिची मूठ झोपेतही कमरेला होती. एकदाच, तिला कळणारसुद्धा नाही, असं मनात आलं. मी पाय उचलला आणि तिच्या पाठीवर आणला. अजून टेकवलाही नव्हता.

"खाली ठेव तो," आई म्हणाली. तोंड भिंतीकडेच होतं.

मी ठेवला. थोड्या वेळाने ती हात टेकत उठली आणि बाथरूममधून भरलेला तांब्या आणि परात घेऊन आली.

"आई, मी लावला नाही."

"माहितीय," ती म्हणाली, आणि माझा पाय परातीत घेऊन धुवायला बसली.